नर्सिंग होमची पारख

'नर्सिंग होम' हा शब्द आता खेड्यापाड्यांतही कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हदगावच्या बाजारात दोन शेतकरी भेटतात. एक विचारतो, "कुठं ठेवलंय पेशंटला?" दुसरा म्हणतो, "नांदेडला, नर्सिंग होमला." एवढ्यावरून ऐकणाऱ्याला कळते की, या घरावर प्रसंग आला आहे. कोणाच्या सुनेचे बाळंतपण अडलेले असते, कोणाच्या म्हाताऱ्या आईचे मांडीचे हाड मोडलेले असते, कोणाला फवारणी करताना विषबाधा झालेली असते. पुढचा प्रश्न पैशाचा. हळद विकली का, जागा गहाण ठेवली का, सावकाराकडे गेला का, हे विचारायचे म्हटले तरी जीभ रेटत नाही.

पण मंडळी, आणखी एक प्रश्न आहे, तो आपण फारसा विचारतच नाही. तो म्हणजे, हेच नर्सिंग होम का निवडले? विचारलेच तर उत्तर काय मिळते? "पाहुण्यानं सांगितलं." "गाडीवाल्यानं तिथं नेऊन उतरविलं." "बिल्डिंग मोठी दिसली." म्हणजे ज्या ठिकाणी घरातला माणूस आठ-दहा दिवस दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, ते ठिकाण आपण न पाहता, न विचारता पत्करतो. आणि हाच माणूस माळेगावच्या जत्रेत बैल घ्यायला गेला, तर आधी दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, खांदा चाचपतो. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. मग दवाखान्याच्या दारातच आपली ही पारख कुठे जाते?

यावर कोणी म्हणेल, "सर, बैलातलं आम्हाला कळतं, डॉक्टरकीतलं काय कळणार?" म्हणणे खरे आहे. रोगाचे निदान बरोबर की चूक, हे तुम्हाआम्हाला सांगता येणार नाही. पण रोग्याची देखभाल नीट होते की नाही, हे डोळे आणि कान उघडे ठेवले तर पुष्कळसे कळते. ते कसे ओळखावे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. कायद्याच्या मराठीत नर्सिंग होमला 'शुश्रूषागृह' म्हणतात. शुश्रूषा हा शब्द संस्कृतात 'श्रु' म्हणजे ऐकणे, या धातूपासून झाला. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. शिष्य गुरूचे ऐकतो म्हणून त्याची सेवा ती शुश्रूषा, आणि पुढे रोग्याची सेवा तीही शुश्रूषा. ज्या घरात रोग्याचे ऐकून घ्यायला कोणी नाही, ते घर शब्दार्थानेही शुश्रूषागृह नव्हे, ही गोष्ट शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावी.

आपल्या जुन्या वैद्यकातही सेवेचे माप होते. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. चारही पाय धड असतील तरच खाट उभी राहील. त्यांतल्या परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत. सेवेचे ज्ञान, हाताची चलाखी, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. आज इतक्या शतकांनंतरही हे चार गुण कोणत्याही दवाखान्याच्या परीक्षेला पुरतील असे आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली झाला. त्या वेळी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. तेव्हा हा कायदा आपल्या वाट्याला उशिरा आला. आज तो सबंध महाराष्ट्राला लागू आहे. त्याप्रमाणे प्रत्येक खाजगी नर्सिंग होमने, प्रसूतिगृहाने नोंदणी केली पाहिजे. नोंदणी तीन वर्षांची असते, मग ती पुन्हा नवी करून घ्यावी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावून ठेवावे, असेही बंधन आहे. २०२१ साली राज्य सरकारने या कायद्याखालचे नियम सुधारले. रोग्यांच्या हक्कांची सनद लावावी, निरनिराळ्या सेवांचे दरपत्रक लावावे, आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था ठेवावी, असे त्यांत आले. म्हणजे पारख करण्याचे पहिले साधन भिंतीवरच लावलेले असते. आपण फक्त वर मान करून वाचत नाही, किंवा वाचता येणारा माणूस सोबत नेत नाही.

पण भिंतीवरचा कागद म्हणजे सारे काही नव्हे. चांगल्या देखभालीची परीक्षा कशी करावी, यावर साऱ्या जगात विचार झाला आहे. अव्हेडिस डोनाबेडियन नावाचे एक विद्वान होऊन गेले. जन्म बैरुतचा, काम अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात. १९६६ साली त्यांनी एक लेख लिहिला आणि सांगितले की, उपचारांचा दर्जा तीन ठिकाणी तपासावा. एक रचना, दोन रीत, तीन फळ. रचना म्हणजे इमारत, साधने, माणसे. रीत म्हणजे रोग्याशी रोज प्रत्यक्ष काय केले जाते. फळ म्हणजे शेवटी रोगी बरा झाला का. शेतकऱ्याला हे चटकन समजेल. जमीन, पाणी, बेणे ही हळदीची रचना. भर लावणे, निंदणी, पाणी देणे, शिजवणे ही रीत. आणि शेवटी किती क्विंटल निघाली व काय भाव आला, हे फळ. जमीन उत्तम असूनही रीत चुकली तर पीक जाते, आणि सगळे नीट करूनही गारपीट झाली तर फळ हाती लागत नाही. म्हणून तिन्ही पाहावीत. एकावरून निकाल देऊ नये.

आधी रचना पाहू. संगमरवरी फरशी, काचेचे दार, थंड हवेचे यंत्र ही रचना नव्हे, तो दिखावा. खरी रचना अशी : डॉक्टरांची पदवी व वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक पाटीवर आहे का? रात्री दोन वाजता दवाखान्यात डॉक्टर असतो, की घरून बोलवावा लागतो? रात्रपाळीला शिकलेली नर्स किती रोग्यांमागे एक आहे? वीज गेली तर जनित्र आपोआप सुरू होते का? प्राणवायूची सोय खाटेपाशी आहे का? शस्त्रक्रिया असेल तर भूल देणारा डॉक्टर वेगळा येतो का? रक्त लागले तर कोठून येते, किती वेळात? शौचालय धुतलेले आहे का, आणि तिथे साबण आहे का?

आणि एक गोष्ट विसरू नका, ती म्हणजे बाहेर पडण्याची दुसरी वाट. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. त्या आठवणीने आजही काळजात चर्र होते. म्हणून दवाखान्यात गेल्यावर जिना कोठे आहे, दुसरे दार उघडे आहे की त्याला कुलूप घालून पुढे खोकी रचली आहेत, आग विझविण्याचे नळकांडे भिंतीवर आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. आपण एस. टी.त बसतो तेव्हा संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी कोणती ते पाहून ठेवतो, तसेच हे समजावे.

आता रीत. इथेच खरी शुश्रूषा दिसते, आणि इथेच नातेवाइकाचे डोळे सर्वांत उपयोगी पडतात.

पहिली रीत हात धुण्याची. ऐकायला साधी, पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. व्हिएन्ना शहरात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर प्रसूतिगृहात काम करीत असे. तिथे दोन विभाग होते. ज्या विभागात डॉक्टर व विद्यार्थी बाळंतपणे करीत, तिथे बाळंतिणी तापाने फार मरत. सुइणींच्या विभागात कमी. शोध घेता त्याला उमगले की, विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येतात. त्याने १८४७ च्या मे महिन्यात नियम केला की, क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय कोणी बाळंतिणीला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये शंभरांमागे सुमारे अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, केवळ धुतलेले हात! तेव्हा डॉक्टर वा सिस्टर एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात का, किंवा जंतुनाशक चोळतात का, एवढे पाहिले तरी निम्मी परीक्षा झाली. सुई नव्या पाकिटातली, तुमच्यासमोर फोडलेली असावी. आणि आपलेही हात धुवा. भेटायला आलेले दहा पाहुणे बाहेरची धूळ घेऊन बाळंतिणीच्या खाटेवर बसतात, त्याचा दोष सिस्टरला देता येणार नाही.

दुसरी रीत नोंदीची. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता असतो. त्यावर ताप, नाडी, श्वास, रक्तदाब लिहिलेला असतो. त्यात रात्रीच्या नोंदी आहेत का ते पाहा. दिवसभराच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत, सारख्या आकड्यांनी भरलेल्या दिसल्या, तर समजावे की इथे रोग्याला पाहणे कमी आणि कागद भरणे जास्त. बाळंतपण झाल्यावर पहिले चोवीस तास फार जपण्याचे असतात. वार पडल्यानंतर रक्तस्राव वाढतो आहे का, हे वारंवार पाहावे लागते. बाळाला पहिल्या तासाभरात आईच्या अंगावर घेण्यास सिस्टर मदत करते का, हीही चांगल्या प्रसूतिगृहाची खूण आहे.

तिसरी रीत अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची. अर्धांगवायू झालेला, हाड मोडलेला म्हातारा माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. त्यांना आपण 'पाठ लागली' म्हणतो. त्या टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, चादर कोरडी व सुरकुती नसलेली ठेवावी लागते. माझ्या ओळखीच्या एका घरातली आजी खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी एका दवाखान्यात होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टर नामांकित होते. पण दहा दिवस तिची कूस कोणी बदलली नाही. हाड सांधले, आणि पाठीच्या जखमेने ती पुढे चार महिने अंथरुणावर राहिली. डॉक्टरांचे कौशल्य एका बाजूला आणि शुश्रूषा दुसऱ्या बाजूला असते, हे यावरून ध्यानात यावे. म्हातारा माणूस दवाखान्यात असेल तर रोज त्याची पाठ आणि टाचा पाहा. लालसर डाग दिसला की लगेच सिस्टरना दाखवा.

चौथी रीत सांगण्याची आणि ऐकण्याची. डॉक्टर आजार समजेल अशा भाषेत सांगतात का? शस्त्रक्रियेआधी सही घेताना कोरा कागद पुढे करतात, की त्यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवितात? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे की, तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. जीवच धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, ही सावकाराच्या बाबतीत शिकलेली गोष्ट दवाखान्यातही लागू आहे.

याच जोडीला बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेचा विचार करा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले की, देशातल्या खाजगी दवाखान्यांत दर शंभर बाळंतपणांत सुमारे ४७ शस्त्रक्रियेने होतात, तर सरकारी दवाखान्यांत सुमारे १४. याचा अर्थ प्रत्येक शस्त्रक्रिया पैशासाठी केलेली असते असा नव्हे. अडलेल्या बाईचा जीव तिनेच वाचतो. पण "कारण काय?" हा प्रश्न नम्रपणे विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे, आणि चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने रागावत नाही.

शस्त्रक्रियेच्या रीतीबद्दल आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने एक साधी यादी तयार केली. रोगी तोच का, अवयव तोच का, भूल देण्याची तयारी झाली का, शेवटी उपकरणे व कापसाचे बोळे मोजून बरोबर आले का, असे प्रश्न मोठ्याने विचारायचे. जगातल्या आठ शहरांतील इस्पितळांत, त्यांत दिल्लीचेही एक होते, ही यादी वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष आले : हजार रोग्यांमागे पंधरा मृत्यू होत, ते आठांवर आले. म्हणून डॉक्टरांना विचारावे, "साहेब, तुमच्याकडे ती सुरक्षिततेची यादी वापरतात का?"

आपल्या काही समजुतीही इथे तपासून घ्याव्यात. सलाईन लावले म्हणजे उपचार चांगला, सुई दिली म्हणजे डॉक्टर हुशार, असे आपण धरून चालतो. पण साध्या सलाईनच्या बाटलीत पाणी आणि मीठ वा साखर याखेरीज फारसे काही नसते. ज्याला तोंडाने पिता येते, त्याला बहुधा त्याची गरज नसते. आपणच "एक बाटली लावा की" म्हणून आग्रह धरायचा आणि बिल आल्यावर कुरकूर करायची, हे बरे नव्हे.

तिसरे माप फळाचे. इथे मात्र फार सावध राहिले पाहिजे. फळ मोजण्याची दृष्टी जगाला देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव मोठे आहे. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या. त्यांनी सेवा तर केलीच, पण मृत्यूंचा हिशेबही ठेवला. १८५५ च्या फेब्रुवारीत शंभर रोग्यांमागे सुमारे ४२ दगावत होते. इस्पितळाखालची गटारे साफ झाली, हवा खेळती झाली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण दोनच्या आसपास आले. पुष्कळ सैनिक जखमांनी नव्हे, घाणीने मरत होते, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

पण आकडा वाचायचाही एक विवेक असतो. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. दोन दिवसांत हा आकडा ३१ वर गेला. साऱ्या देशात त्याची चर्चा झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे आणि माणसे अपुरी होती, असे आरोप झाले. रोगी लांबून आणि अगदी अखेरच्या अवस्थेत येतात, असे प्रशासनाने सांगितले. या दोन्ही बाजू ऐकल्यावर आपण काय शिकावे? एक असे की, औषध व माणूसबळ यांचा हिशेब सरकारला विचारलाच पाहिजे. तो रचनेचा प्रश्न आहे. आणि दुसरे असे की, जे रुग्णालय कोणालाच परत पाठवीत नाही, त्याच्याकडे सर्वांत कठीण रोगी जातात. उलट, एखादे नर्सिंग होम "आमच्याकडे कोणी दगावत नाही" असे अभिमानाने सांगत असेल, तर विचारावे की, रोगी गंभीर झाला की तुम्ही त्याला कोठे पाठविता? आणि किती उशिरा पाठविता? वेळेवर पुढे पाठविणे हाही चांगल्या शुश्रूषेचाच भाग आहे. सोबत कागद देणे, पुढच्या डॉक्टरांना फोन करणे, प्राणवायूची गाडी जोडून देणे, या गोष्टींवरून चांगले नर्सिंग होम ओळखता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेला असावा.

तेव्हा फळ विचारायचे तर असे विचारा : माझ्या माणसासारख्या रोग्यांचे इथे काय होते? अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला करता? किती जणांच्या जखमेत पू झाला? किती जणांना पुन्हा दाखल व्हावे लागले? आकडा अचूक मिळेलच असे नाही, पण प्रश्नाला सामोरे जाण्याची तऱ्हा पुष्कळ सांगून जाते.

आता पैशाची गोष्ट. दाखल होतानाच अंदाज लेखी मागावा. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. आपला नांदेड जिल्हा २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होता. २०१७ पासून तिचेच नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. या योजनेत ठरावीक आजारांवर, ठरावीक रुग्णालयांत उपचार मोफत होतात. म्हणून दारात पहिला प्रश्न असा असावा : "हा दवाखाना योजनेत आहे का, आणि हा आजार तिच्यात बसतो का?" रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारावे, शिधापत्रिका व ओळखपत्र जवळ ठेवावे. जागा गहाण पडल्यावर योजना कळली, तर तिचा काय उपयोग?

अपघात झाला असेल, जीव जात असेल, तर पैशाआधी प्रथमोपचार दिलाच पाहिजे. डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात दिला आहे. उपचारांचे कागद हाही रोग्याचा हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते दिले पाहिजेत. घरी येताना कोणते औषध किती दिवस, टाके कधी काढायचे, काय झाले तर धावत यायचे, हे लिहून घेतल्याशिवाय जिना उतरू नये.

आणि चुकलेच काही तर? आधी दवाखान्याच्याच तक्रार कक्षात लेखी तक्रार द्यावी. तिथे दाद लागली नाही तर नांदेड शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे, शहराबाहेर जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावे. १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. पण हात उचलू नये. काचा फोडून, डॉक्टरला मारून गेलेला माणूस परत येत नाही. २०१० च्या राज्य कायद्याने तो दखलपात्र गुन्हा आहे, आणि त्या गोंधळात शेजारच्या खाटेवरचा निरपराध रोगी मात्र उपचारांवाचून राहतो. दाद मागायची ती कागदाने मागावी. म्हणून तर पावत्या आणि कागद जपायचे.

शहरांतून आता म्हाताऱ्या माणसांना कायम ठेवून घेणारी शुश्रूषागृहेही निघाली आहेत. मुले पुण्या-मुंबईला, आई-वडील गावी, अशी घरे आपल्याकडेही वाढत आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा अशी तरतूद केली आहे. अशा ठिकाणी कोणाला ठेवायचे झाले, तरी मापे तीच. फक्त एक भर घालावी : न कळविता, जेवणाच्या वेळी जाऊन पाहावे. ताटात काय आहे, भरवायला कोण बसले आहे, अंगावरचे कपडे कोरडे आहेत का, आणि म्हातारे माणूस आपल्याशी बोलताना आधी दाराकडे पाहते का. भीती असली तर ती अशीच दिसते.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. निवड करायची वेळ येते तेव्हा घरात रडारड असते, गाडी दारात उभी असते. त्या वेळी पारख होत नाही. ती आधीच करून ठेवावी लागते, जशी पावसाळ्याआधी घराची कौले चाळतो तशी. गावातल्या चार जाणत्या माणसांना, आशाताईंना सोबत घ्या. हदगावच्या आणि नांदेडच्या दवाखान्यांची एक वही करा. कोठे रात्री डॉक्टर असतो, कोठे योजना आहे, रक्त कोठे मिळते, कोणाच्या पाठीला जखम झाली आणि कोणाची आई हसत घरी आली, हे नाव-तारखेनिशी, ऐकीव नव्हे तर स्वतः अनुभवलेले, त्या वहीत लिहून ठेवा. चांगले तेही लिहा. रात्री तीन वाजता उठून रोग्याची कूस बदलणारी सिस्टर कोणत्या दवाखान्यात आहे, हे गावाला ठाऊक असले पाहिजे. गावात सात महिन्यांची गरोदर बाई असेल, तर तिच्या घरच्यांना आजच ती वही वाचून दाखवा. अजून दोन महिने हाताशी आहेत.